दारातली सही

किस्से जमवायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. पाहुणा बैठकीत बसतो, शेजारीण फार तर जेवणाच्या टेबलापर्यंत येते, पण गॅसचा मेकॅनिक घरात शिरला की सरळ ओट्यापाशी. कोणाकडे काय शिजतं, कोण कोणाशी बोलत नाही, ओट्याखालच्या पडद्यामागं काय काय कोंबलेलं आहे, सगळं दिसतं. नागपुरात एका गॅस एजन्सीत मी बावीस वर्षं हे काम करतो. त्यामुळं तेरवी असो की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पंगत उठली की कोणीतरी फर्माईश करतंच, "ठवकर, सांग गा एखादा."

परवाच्या साक्षगंधात मात्र एकानं वेगळंच विचारलं. "काहून गा ठवकर, ड्रेस एवढा कडक अन् पायात चपला?" मी हसून विषय बदलला आणि नेहमीचेच किस्से सांगितले. घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. म्हणून आज चपलांचाही किस्सा सांगतो. पण शेवटी, कारण तो सांगितल्यावर दुसरं काही सांगायची माझी हिंमत होणार नाही.

आधी माणसं सांगून घेतो, जास्त नाहीत. रामटेके भाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, मला काम शिकवणारे. वंदनाताई, काउंटरवर बसून फोन घेणाऱ्या. आणि मी. काम दोन तऱ्हेचं. वास येतो म्हणून कोणाचा फोन आला तर धावायचं. आणि फोन आला नाही तरी घरोघरी जाऊन तपासणी करायची. नळी, रेग्युलेटर, शेगडी पाहायची, फॉर्म भरायचा, खाली गिऱ्हाइकाची सही आणि तिच्याखाली आमची. आमची सही म्हणजे हा ओटा मी स्वतः पाहिला, इथं आग लागण्यासारखं काही नाही. एवढीच त्या सहीची किंमत, पण तेवढ्यावर लोक निर्धास्त झोपतात.

* * *

कामाच्या पहिल्याच दिवशी भाऊंनी मला गांधीबागेत नेलं. कापडाच्या व्यापाऱ्याचं घर, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. जिन्याच्या पायरीपायरीवर साड्यांचे गठ्ठे. त्यातून अंग चोरत वर गेलो तर शेठ ओट्यापाशी उकिडवे बसलेले. हातात पेटलेली माचिसची काडी, आणि ती ते नळीवरून हळूहळू सरकवत होते.

"या, या. वास येऊन राहिला न, म्हणून लीक कुठं आहे ते पाहून राहिलो," शेठ म्हणाले.

भाऊंनी काडी फुंकली, माचिस उचलून स्वतःच्या खिशात टाकली, सिलेंडर बंद केला, खिडकी उघडली. मग थैलीतून साबणपाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. नळीला साबणपाणी लावायचं, जिथं फेस फुगतो तिथं लीक. एवढं सोपं असतं ते.

शेठला काही ते पटलं नाही. "आमच्याकडे तीस वर्षांपासून काडीनंच पाहतो. आजपर्यंत काही झालं नाही."

"मंग तीस वर्षं लीकच नव्हता, शेठ," भाऊ म्हणाले.

जिना उतरताना मला हसू आवरेना. खाली आल्यावर भाऊंनी सायकलचं कुलूप काढता काढता विचारलं, "तुह्या गावी, कुहीले, कसं पाहत होते गा?"

माझं हसू तिथंच थांबलं. आमच्या घरी गॅस नवीन आला तेव्हा बाबाही काडीनंच पाहायचे. माचिस धरायला मीच उभा असायचो.

* * *

दुसरा किस्सा सक्करदऱ्यातल्या एका काकूंचा. मी एकट्यानं कामं करायला लागलो होतो त्या वेळचा. त्यांच्याकडे जरा वास येत होता, मी जाऊन शेगडीजवळचा जोड घट्ट केला आणि पुढच्या घरी पळालो. आठ दिवसांनी पुन्हा त्यांचाच फोन, गॅसची काहीतरी गडबड आहे म्हणून. या वेळी भाऊही सोबत आले.

पाहतो तर सगळं घर बाहेर पायऱ्यांवर बसून खोकत होतं. दारं-खिडक्या सताड उघड्या. आत पाय टाकला आणि आम्हा दोघांना अशा शिंका सुटल्या की बोलायची सोय नाही.

"काकू, काय जाळलं हे?" भाऊंनी डोळे पुसत विचारलं.

"नजर काढली."

"कोणाची?"

"सिलेंडरची," काकू म्हणाल्या. "मागच्या महिन्यात बदलला तेव्हापासून काही ना काही सुरूच आहे. म्हणून मीठ-मोहऱ्या घेतल्या, सात मिरच्या घेतल्या, त्याच्यावरून उतरवल्या अन् टाकल्या बर्नरवर."

"भयानक ठसका आहे बाप्पा."

"भिवापूरची आहे मिरची. नजरेचं सोडा, तुम्हीबी उभे नाही राहू शकले."

नाकानं वास कळायची काही सोयच उरली नव्हती. अर्धा तास आम्हीही पायऱ्यांवर बसलो. मग भाऊ आत गेले, साबणपाणी लावलं आणि मला जवळ बोलावलं. शेगडीजवळच्या जोडावर एक बारीक बुडबुडा फुगत होता, फुटत होता, पुन्हा फुगत होता. मी आठ दिवसांपूर्वी घट्ट केलेला तोच जोड. घट्ट केल्यावर साबणपाणी लावून पाहायचं असतं. मी घाईत होतो, लावलं नव्हतं. आणि त्या लीकवर काकूंनी मिरच्या जाळल्या होत्या.

 भाऊंनी जोड सोडला, आतला वायसर बदलला, पुन्हा घट्ट केला, पुन्हा साबणपाणी लावलं. काकू मागं उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी विचारलं, "निघालं न काहीतरी?"

"निघालं," भाऊ म्हणाले.

"पाहा. म्हणत होती न मी, नजर आहे म्हणून."

मी मान हलवली. माझी चूक नजरेवर गेली आणि मी ती जाऊ दिली.

* * *

वंदनाताईंचा किस्सा तर आमच्या एजन्सीत अजून चालतो. त्यांचा आवाज असा की फोन ठेवून दिला तरी समोरच्याला ऐकू जाईल. एकदा दिघोरीकडून एका गृहस्थांचा फोन आला. अतिशय सभ्य माणूस.

"ताई, घरात गॅसचा वास येऊन राहिला. लाइट लावून पाहू का?"

हे सगळेच विचारतात. ताईंनी नेहमीप्रमाणं सांगितलं, "घरातल्या एकाही बटणाले हात लावू नका. पंखा चालू असन तं चालू राहू द्या, बंद असन तं बंद. सिलेंडर बंद करा, खिडक्या उघडा अन् सगळे बाहेर निघा."

माणूस आज्ञाधारक. "हो ताई, हो ताई" म्हणत त्यांनी सिलेंडर बंद केला, एकेक खिडकी उघडली, प्रत्येक खिडकीगणिक फोनवर सांगितलं. मग म्हणाले, "आलो बाहेर."

"घरात कोणी राहिलं का?"

"मिसेस आहेत, बाथरूममध्ये. थांबा, बोलावतो."

आणि स्पीकरवरच्या फोनमधून आम्हा सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं, टिंग टाँग.

ताई खुर्चीतून उठल्याच. "बेल काहून वाजवली!"

"तुम्ही घरातल्या बटणाले नाही म्हणाल्या न," ते शांतपणे म्हणाले. "बेल तं बाहेर आहे."

बेलच्या ठिणगीनंही गॅस पेटतो, हे त्यांना कोण सांगणार होतं? खिडक्या उघडल्या होत्या म्हणून निभावलं. मिसेस केस पुसत बाहेर आल्या आणि कोण आलं म्हणून विचारू लागल्या. आम्ही महिनाभर एकमेकांना टिंग टाँग करून हसत होतो. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एका कागदावर "बेलसुद्धा नाही" असं लिहून फोनसमोर चिकटवलं. मी म्हटलं, ताई, लोक येडे असतात, तुम्ही काहून मनाला लावून घेता?

"तो येडा नाही. त्यानं मी सांगितलं ते सगळं केलं. बेलचं मीच नाही सांगितलं," त्या म्हणाल्या.

एवढ्याशा गोष्टीचा दोष कोणी स्वतःकडे घेतं का, असं मला तेव्हा वाटलं होतं. तो कागद आता पिवळा पडला आहे, पण अजून तिथंच आहे.

* * *

आता माझा. हा मी सगळीकडे सांगतो, पण अर्धाच.

मनीषनगरातल्या एका सोसायटीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळानं मला भाषणाला बोलावलं. विषय, घरातली आग कशी टाळावी. स्टेजवर उभं राहायचं म्हणून मी खास काळे, लेसचे बूट घेतले. हॉलमध्ये मोठा टीव्ही होता. माझा फोन त्याला जोडला, म्हणजे रेग्युलेटरचे फोटो सगळ्यांना मोठे दिसतील. साठ-सत्तर बाया, हातात वाण, समोर मी. बोलायला लागलो की मला थांबवणं कठीण.

"सगळ्यात महत्त्वाचं काय?" मी विचारलं. "गॅस पेटलेला असताना ओटा सोडायचा नाही. फोन आला तरी नाही, दाराशी कोणी आलं तरी नाही. दूध ठेवलं असन तं दूध उतरवूनच हलायचं."

तेवढ्यात टीव्हीवर वरच्या कोपऱ्यात बायकोचा मेसेज आला. मी घाईनं तो पुसायला गेलो तर तो उघडलाच. सगळ्या पडद्यावर आमच्या घरचं पातेलं, आतून-बाहेरून काळंठिक्कर. खाली लिहिलेलं, "दूध ठेवून गेले तुम्ही. बाजूच्या ताईनं येऊन बंद केलं. पातेलं गेलं, घर वाचलं."

 पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी अदबीनं विचारलं, "भाऊ, हे तुमच्या डेमोतलंच आहे का?"

"हो," मी म्हटलं.

"किती छान समजावून सांगता तुम्ही," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

इथवर सांगितलं की लोक पोट धरून हसतात. पुढचं मी सांगत नाही. घरी गेलो तेव्हा बायको ते पातेलं राखेनं घासत होती. तिनं विचारलं, कसं झालं भाषण? चांगलं झालं म्हटलं. टाळ्या मिळाल्या हेही सांगितलं. कशावर मिळाल्या, ते नाही सांगितलं.

* * *

ते बूट मी मग रोजच घालायला लागलो. भाऊंनी पहिल्याच दिवशी पाहिलं आणि म्हणाले, "मेकॅनिकनं लेसचे बूट घालू नये गा. काढायचा कंटाळा येते."

आपल्याकडे बूट घालून कोणी सैपाकघरात जात नाही. म्हणजे तपासणी करायची तर प्रत्येक दारात खाली वाकायचं, लेस सोडायची, आत जायचं, बाहेर येऊन पुन्हा बांधायची. आणि घरातली माणसंही काही वाट पाहत बसलेली नसतात. पूजा चालू आहे, बाळ झोपलं आहे, सून अंघोळीला गेली आहे. खरं कारण बहुतेक वेळा एकच, कामवाली आलेली नसते आणि ओट्यावर पसारा असतो. लोकांना आगीची भीती वाटत नाही, पसाऱ्याची लाज वाटते. मग दार अर्धंच उघडून म्हणतात, "भाऊ, सगळं ठीक आहे. कुठं सही करू?"

सुरुवातीला मी हट्ट धरायचो. नंतर धरेनासा झालो. त्याच्याही नंतर माझं मीच दारात उभं राहून विचारू लागलो, "सगळं ठीक आहे न ताई?" असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? दारातच त्यांची सही, दारातच माझी. एका दिवसात अख्खी गल्ली व्हायची. भाऊंची चार-पाच घरंच व्हायची.

त्यांना वेळ का लागायचा तेही सांगतो. एका घरी सिलेंडरच्या बरोबर वर फळीवर देव, आणि देवापुढं समई. तेवणारी वात आणि रेग्युलेटर यांच्यात हातभर अंतर. घरातले आजोबा ऐकायला तयार नाहीत. पत्नी गेल्यापासून ती समई त्यांनी विझू दिली नव्हती. मी असतो तर फॉर्मवर शेरा मारून निघालो असतो. भाऊ म्हणाले, "आजोबा, देव हलवायचा नाही न? राहू द्या. आपण सिलेंडर हलवू." मग दिवसभर खपून त्यांनी ओट्याची दुसरी बाजू रिकामी केली, तांदळाचे डबे उचलले, शेगडी सरकवली, नवीन नळी घातली. त्या दिवशी त्यांचं ते एकच घर झालं आणि मालकांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं.

मला त्याच वर्षी सर्वांत जास्त तपासण्या केल्याबद्दल भिंतीवरचं घड्याळ मिळालं. एजन्सीत छोटासा कार्यक्रम झाला, समोसे आले. घड्याळ हातात घेऊन मी फोटोला उभा होतो तेव्हा भाऊंनी मागून विचारलं, "ठवकर, आज बूट किती वेळा काढले गा?"

सगळे हसले. मीही हसलो. संध्याकाळी घरी येऊन लेस सोडायला बसलो तेव्हा लक्षात आलं की सकाळी बांधलेली गाठ तशीच आहे.

* * *

आता शेवटचा.

नंदनवनात शेंडे मावशी राहतात. शाळेत शिपाई होत्या, रिटायर झाल्या. मुलगी लग्न होऊन भंडाऱ्याला. तळमजल्यावर दोन खोल्या, एकट्याच असतात. मे महिन्यातल्या दुपारी मी त्यांच्या दारात गेलो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. गल्लीतली सात घरं अजून बाकी होती.

मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. आमच्या कामात असं क्वचितच होतं, त्यांनी दार पूर्ण उघडलं.

"या न आत. एवढ्या उन्हाचे आले. चहा ठेवते. अन् ते नळी तेवढी पाहून द्या, लय कडक लागून राहिली."

मी खाली बुटांकडे पाहिलं. हे मला नीट आठवतं, आधी बुटांकडे पाहिलं. मग म्हटलं, "नवीन नळी कडकच राहते, मावशी."

"नवीन नाही जी. मी रिटायर व्हायच्या आधीची आहे."

"चालते. काही होत नाही."

"अन् चहा?"

"पुढच्या वेळी."

त्यांनी फॉर्म दाराच्या फळीवर धरला आणि पूर्ण नाव लिहून सावकाश सही केली. मी त्याखाली माझी केली. तपासणी केली, सर्व ठीक. पुढच्या घराची बेल वाजवली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात. मावशी त्यांच्यासाठी पुऱ्या तळत होत्या. नळी शेगडीच्या तोंडाशी तडकली आणि जाळ ओट्याखालच्या पडद्यावर आला. पोरं अंगणात उभी होती. आधी पोरांना पळा म्हणून मावशींनी ओरडून सांगितलं, मग पेटलेला पडदा डाव्या हातानं ओढून काढला. शेजारचा माणूस ओलं पोतं घेऊन धावला आणि त्यानं सिलेंडर बंद केला. घर वाचलं. मावशींचा हात कोपरापर्यंत भाजला.

फोन वंदनाताईंनी घेतला. भाऊ तसेच निघाले. ताईंनी कॉम्प्युटरवर नाव शोधलं आणि मोठ्यानं वाचायला लागल्या, "शेंडे, नंदनवन. मे महिन्यात तपासणी झाली आहे. करणारे..." आणि थांबल्या. त्यांचा आवाज कधी मधेच थांबलेला मी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी तिथं नवीन नळी लावून दिली, शेगडी शेजाऱ्यांनी दिली. परत आल्यावर भाऊंनी जुन्या नळीचा वीतभर तुकडा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मी तो वाकवला. वाकवताच सगळ्या बाजूनं चिरा उघडल्या. हात लावून पाहिला असता तर कोणालाही कळलं असतं. भाऊ थैली उचलून पुढच्या घरी निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पंधरा-वीस दिवसांनी चौकशीला वरून साहेब आले. फॉर्म घेऊन मला सोबत जावं लागलं. साहेब पहिल्या खोलीत खुर्चीवर बसले. मावशी पलंगावर, डाव्या हाताला पांढरी पट्टी. मी दारातच उभा राहिलो, उंबऱ्याच्या बाहेर. तिथून सैपाकघराची काळी झालेली भिंत दिसत होती. मे महिन्यातही मी तिथंच उभा होतो, पण तेव्हा आत पाहिलं नव्हतं.

साहेबांनी फॉर्म पुढं केला. "मावशी, ही सही तुमची आहे?"

"हाव."

"आणि ही यांची, ठवकरांची. आता नीट आठवून सांगा. हे तपासणीला आले तेव्हा आत येऊन नळी पाहिली होती का? पाहिली नसेल तर तसं सांगा, घाबरू नका. त्यांच्यावर कारवाई होईल. नोकरीही जाऊ शकते."

 मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, ते आठवलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, खाली पायांकडे.

"आले होते न," त्या म्हणाल्या. "बूट काढून आत आले, नळी पाहिली, बदला म्हणाले. उद्याच बदलते म्हणून मीच ठीक लिहायले लावलं, अन् बदलली नाही. चहाबी पिऊन गेले."

साहेबांनी पेन काढलं. "मावशी, मग चूक तुमची आहे असं लिहावं लागेल. भरपाई मिळणार नाही तुम्हाला."

"लिहा."

साहेब लिहायला लागले. मी बोलायला पाहिजे होतं. काय बोलायचं तेही मला माहीत होतं, साहेब, मी आत आलोच नव्हतो, एवढं एकच वाक्य. साहेबांचं लिहून होईपर्यंत ते वाक्य माझ्या तोंडात होतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, मावशींची सही घेतली, नमस्कार केला आणि माझ्या बाजूनं बाहेर पडले. गाडी सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी वळली, दिसेनाशी झाली. 

मग मीही जायला वळलो. फॉर्मची फाइल काखेत धरून दोन पावलं गेलो असेन, मागून मावशींचा आवाज आला.

"कुठं चालले, ठवकर भाऊ?"

मी थांबलो. मावशी पलंगावरून उठल्या होत्या, भाजलेला हात छातीशी धरून सैपाकघराच्या दारात उभ्या होत्या. उजव्या हातात चहाचं पातेलं होतं.

"मी सायबाले सांगितलं न, चहा पिऊन गेले म्हणून," त्या म्हणाल्या. "आता पिऊन जा."

मी मान खाली घालून परत आलो आणि उंबऱ्यावर पाय ठेवला.

"तसे नाही," मावशी म्हणाल्या. "बूट काढून या."